तळमजल्याचं अंगण आणि हिरवा आडोसा

बी-००२: नमस्कार. लिहू की नको असं चाललं होतं, पण आता अति झालं. आमच्या अंगणात बसलं की पार्किंगमधून जाणारा प्रत्येक जण आत डोकावतो. काही जण तर थांबून चौकशीही करतात. म्हणून कडेने झाडं लावतोय. अंगण केवढंसं आहे ते सगळ्यांनी पाहिलंच आहे (रोज पाहतात). बारा महिने हिरवं राहील आणि फार पसरणार नाही असं काय लावू? माहिती असेल त्यांनीच लिहावे ही विनंती. 🙏

बी-३०४: पसरणार नाही म्हणजे पार्किंगच्या बाजूलाही ना? गेल्या वेळी त्या वेलाने माझी गाडी गिळली होती.

बी-००२: वेल माझा नव्हता. आधीच्या भाडेकरूंचा होता.

ए-२०१: मुळं ड्रेनेजमध्ये जातात. फायकसच्या वेळचं आठवा.

बी-१०२: "डोकावतो" यात वरचेही धरलेत का? आमच्या गॅलरीतून खालचं दिसतं, त्याला आम्ही काय करणार?

बी-००२: वहिनी, तुमचं नाव घेतलं का मी?

बी-१०२: घेतलं नाहीत, म्हणूनच विचारलं.

सी-१०३: भाऊ, आधी खुर्चीत बसा आणि नजर नेमकी कुठून येते ते बघा. पार्किंगमधून येत असेल तर ६ फूट उंची पुष्कळ झाली, तीही तेवढ्या बाजूपुरती. लहान अंगणात उंची नाही, घेर नडतो. प्रत्येक रांग दोन-तीन फूट आत येते. तिन्ही बाजूंनी लावलंत तर आडोसा होईल, बसायला जागा उरणार नाही. गॅलरीतून येणारी नजर मात्र कडेच्या कुंपणाने अडत नाही. त्यासाठी खुर्चीलगत एखादं झाड लागतं. जितकं जवळ, तितकं बुटकं चालतं.

ए-२०१: ते ठीक. मुळं ड्रेनेजमध्ये जातात.

बी-३०४: तो उंच सरळसोट अशोक लावा. घेरच नाही.

सी-१०३: तो ३ मजले सहज ओलांडतो. ह्यांना आडोसा खाली हवाय. आणि खरा सीतेचा अशोक तो नव्हेच.

डी-४०१: कण्हेर!! पाण्याची कटकट नाही, फुलंच फुलं.

ए-१०४: काका, आमची मुलगी त्याच अंगणात खेळते. कण्हेरीचं पान, फूल, खोड सगळं विषारी. वाळलेल्या फांद्या जाळल्या तर धूरसुद्धा. दुरंताच्या पिवळ्या फळांचंही तेच. प्लीज नको.

डी-४०१: आमच्या शाळेला कण्हेरीचंच कुंपण होतं. सगळे धडधाकट आहेत.

बी-३०४: हजेरी घेतली होती का?

बी-२०३: मोरपंखी. विषय संपला.

सी-१०३: नाही संपला. मोरपंखीला वरचेवर हलकी कात्री लागते. वाढू दिली आणि मग आतल्या तपकिरी लाकडापर्यंत छाटली, तर तिथे पुन्हा पालवी फुटत नाही, भगदाड कायमचं. आपल्याकडे छाटणी किती वेळेवर होते ते गेटजवळच्या मेंदीवरून दिसतंच.

सचिव: मेंदीचा विषय सभेत झालेला आहे. पुन्हा नको.

सी-१०३: बरं. माझं पहिलं मत कामिनीला. चकचकीत बारीक पानं, बुंध्यापासून दाट, कात्री सोसते. फक्त खाली रुंद, वर निमुळती अशी कापायची, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. उलट कापली की खालून उघडी पडते. पण भाऊंकडे लिंबू आहे. कामिनी लिंबाच्याच कुळातली, सिला ही रस शोषणारी बारीक कीड दोघांवर बसते आणि तीच लिंबाचा ग्रीनिंग रोग (झाड हळूहळू खराब करणारा) पसरवते. म्हणजे दोन्हीतलं एकच.

बी-००२: लिंबू जाणार नाही. आईने लावलंय.

बी-१०२: आणि कामिनीचा वास रात्री थेट आमच्या बेडरूममध्ये. मला मायग्रेन आहे हे ग्रुपला माहीत आहे.

बी-३०४: नजर खाली, वास वर. फिटंफाट.

बी-१०२: विनोद पुरे.

डी-४०१: काही लावा, सदाहरित आहे म्हटल्यावर कचरा तरी नाही.

सी-१०३: कचरा होतो हो काका. एकदम झाड बोडकं होत नाही इतकंच. पानं थोडी थोडी वर्षभर पडतात.

बी-३०४: आणि झाडणार कोण?

सचिव: सर्वांनी शांततेत घ्यावे. इंग्लंडमध्ये लेलँड सायप्रसची कुंपणं इतकी वाढली आणि शेजारी इतके भांडले की २००३ च्या कायद्यात उंच कुंपणांची तरतूद करावी लागली. २ मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणाची तिथे कौन्सिलकडे तक्रार करता येते. आपल्यावर ती वेळ आणू नये.

बी-१०२: २ मीटर. नोंद घेतली.

ए-२०१: उंचीचं बोलताय सगळे. मुळं ड्रेनेजमध्ये जातात.

सी-१०३: काका, म्हणूनच सांगते, लांबट कुंड्यांमध्ये अरेका पाम. झुपक्याने वाढतो, विषारी नाही, मूल आणि कुत्रा दोघंही चालतील. दुपारचं कडक ऊन लागलं तर पानं पिवळी पडतात, पण तिथे इमारतीची सावली असते. कुंड्या विटांवर ठेवायच्या, नाहीतर मुळं छिद्रातून जमिनीत उतरतात.

ए-२०१: विटांवर असतील तर माझी हरकत नाही.

बी-२०३: मोरपंखीसुद्धा कुंडीत येते.

बी-००२: अरेका ठरलं. ताई, आभार. कुंड्या भिंतीला टेकवू का?

सी-१०३: वीतभर जागा सोडा. मागे झाडता आलं पाहिजे, आणि भिंतीला ओल धरायला नको.

सचिव: चेंबरची झाकणं मोकळी राहतील असं बघा. कुंड्या आणाल त्या दिवशी मला बोलवा.

बी-१०२: झावळ्या आमच्या कठड्याला लागल्या तर मी न विचारता कापेन. आत्ताच सांगून ठेवते.

बी-००२: जरूर कापा. कापलेलं खाली टाकू नका.