पेनिट्रेटिंग जखमेला मराठीत काय म्हणावं?

सायली_भा: रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. 'पेनिट्रेटिंग इंज्युरी'वर घोडं अडलंय. 'भेदक जखम' लिहिलं तर संपादक म्हणतात, भेदक नजर असते. 'भोसकल्याची जखम' म्हणावं तर गोळी, गज, काच सगळं सुटतं.

गीर्वाण: सुश्रुताकडे तयार शब्द असताना हा खटाटोप कशाला? सद्योव्रणाचे, म्हणजे घाव बसून झालेल्या ताज्या जखमेचे, सहा प्रकार: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित, घृष्ट. तुम्हाला हवा तो 'विद्ध'.

सर्जनकाका: थांबा. सुश्रुताचं विद्ध म्हणजे टोकदार वस्तू अंगात रुतली, पण आतल्या आशयांना, म्हणजे पोटाछातीतल्या अवयवांना, लागलं नाही ते. आशयाला लागलं की 'भिन्न'. रात्री दोन वाजता आम्हीही हेच शोधत असतो: सुरी पोटाच्या भिंतीतच थांबली की आत उतरली? बीपी पडलंय, पोट फळीसारखं कडक झालंय किंवा आतडं बाहेर आलंय, तर सरळ पोट उघडायचं. यातलं काही नसेल तर सोनोग्राफी, सीटी आणि पुन्हापुन्हा हात लावून तपासणी. बऱ्याच जणांना चीर द्यावीच लागत नाही. सरसकट 'विद्ध' म्हटलंत तर हा फरकच पुसला जाईल. आणि शब्द कुठलाही घाला, पण 'रुतलेला चाकू उपसू नका' हे मोठ्या टायपात छापा. पातं आत असतं तोवर कधीकधी तेच फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरतं.

गीर्वाण: मग दोन्ही शब्द घ्या. 'शल्यचिकित्से'त 'शल्य' घेतलंतच की, तेही मुळात रुतलेला बाण-काटाच.

रिकामटेकडी: 'विद्ध' माझ्या सासूबाई 'वृद्ध' वाचतील. कॅज्युअल्टीबाहेर बसलेल्या माणसाला 'आत घुसलेली जखम' कळतं.

सायली_भा: पण घुसते ती वस्तू, जखम नाही.

रिकामटेकडी: 'ओली बाळंतीण' म्हणताना विचारता का, नक्की ओलं काय?

वऱ्हाडी_ठेचा: आमच्याकडे 'भोकसणे'. भोक पाडतो म्हणून भोकसतो. 'भोसकणे' हे तुम्ही पुण्याकडे उलटंपालटं केलेलं.

रांगडा_कोल्हापुरी: चाकू खुपसत्यात. भोसकतं ते जनावर. राधानगरीकडं गवा भोसकतो.

वऱ्हाडी_ठेचा: मग पेपरात 'चाकूने भोसकून खून' गव्याने केलेला असतो का?

सर्जनकाका: गोळी एकीकडून शिरून दुसरीकडून निघाली की इंग्रजीत पर्फोरेटिंग. त्याला आपल्याकडे 'आरपार' इतका नेमका शब्द आहे, पण पुस्तकं लिहिणारे त्याला हात लावत नाहीत.

गीर्वाण: फारसी आहे म्हणून लावत नसतील.

सायली_भा: फारसी कसा? पार, अपार, पारंगत. सगळं संस्कृत.

गीर्वाण: 'पार' मान्य. 'आर' कुठला?

रांगडा_कोल्हापुरी: बैल हाकायच्या पराणीच्या टोकाला खिळा असतो त्याला आर म्हणत्यात. आर पार गेली, म्हणून आरपार.

गीर्वाण: ही व्युत्पत्ती आहे की बैलबाजार?