कुठल्या कमिटनं पावती बिघडवली?

प्रश्न (निपाणी): तंबाखू वखारीच्या बिलिंगात कानडी पावतीवर जोडाक्षरं फुटून येतात, मराठी पावती ठीक. दिवाळीच्या व्हर्जनात दोन्ही बरोबर होत्या. मधे हजारभर कमिट, म्हणजे कोडात नोंदवलेले बदल. एकेक उघडून बघत बसू काय ओ?

उत्तर (टिळकवाडी): कशाला? कोडचे बदल सांभाळणाऱ्या गिटमधली बायसेक्ट कमांड लाव की! आजची बॅड, दिवाळीची गुड सांग. ते मधली कमिट काढून देतं, तू पावती छापून गुड की बॅड कौल द्यायचा. दर खेपेला निम्म्या कटाप. हजाराला दहाएक फेऱ्या.

उत्तर (खानापूर): कागद कशाला घालवता? पावती जुन्या पीडीएफशी ताडणारी स्क्रिप्ट बायसेक्ट रनला द्या, ते दर फेरीला आपोआप चालवतं. स्क्रिप्टनं संपताना ० दिला म्हणजे गुड, १ बॅड. कोडातून प्रोग्राम तयारच (बिल्ड) होईना तर १२५, ती कमिट वगळते. शेवटी बायसेक्ट रिसेट मारा, म्हणजे कोड मूळ जागी येतो.

प्रश्नकर्ता: घावलं! फॉन्टची फाईल हलकी करताना कुणीतरी कानडी जोडाक्षरंच छाटलीत. मेसेज काय, तर 'किरकोळ सफाई'!