दारू थांबवायची आहे, पण खोली, मित्र आणि संध्याकाळ तीच आहे

प्रश्न : तिसरे_वर्ष

नमस्कार. मी २० वर्षांचा असून पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे आणि येथे आम्ही चौघे नऱ्ह्यात एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. पहिल्या वर्षी सबमिशन संपल्याच्या आनंदात मी पहिली बिअर घेतली. दुसऱ्या वर्षी दर शनिवारी ‘बसणे’ ठरून गेले आणि गेल्या डिसेंबरपासून आठवड्यातले चार-पाच दिवस स्ट्राँग बिअरच्या दोन बाटल्या किंवा एक क्वार्टर होऊ लागली. गेले दोन महिने फ्लॅटवर कोणी नसले तरी मी एकटा घेतो. दोन विषय राहिले आहेत, त्यांतला एक सकाळच्या ओरलला उठू न शकल्यामुळे राहिला.

आज लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे. मागच्या रविवारी सकाळी मोबाइल पाहिला, तर आदल्या रात्री १० वाजून ४० मिनिटांनी आईशी १४ मिनिटे बोलणे झाल्याची नोंद होती. त्यातला एकही शब्द मला आठवत नाही. दुपारी आईचा पुन्हा फोन आला तेव्हा ती म्हणाली, ‘काल बोललास ते मी बाबांना सांगितलेले नाही.’ मी काय बोललो होतो, हे तिला विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

मला थांबायचे आहे. ते एकदम थांबवता येते का? डॉक्टरांकडे गेलो तर कॉलेजला किंवा घरी कळेल का, शिवाय माझे वय कायद्याने पिण्याचे नाही, त्यामुळे काही अडचण येईल का? तिघे मित्र रोज समोर बसत असताना त्याच फ्लॅटमध्ये राहून हे कसे जमवावे? गटारी पंधरा दिवसांवर आली आहे आणि वर्गणी आत्ताच गोळा होत आहे.

उत्तर : चाफा

मी मानसोपचार विभागात काम करणारी डॉक्टर आहे. येथे लिहिलेले प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही, तरी काही गोष्टी तुम्हाला तपासणीआधीच माहीत असायला हव्यात.

प्रथम आईशी झालेल्या बोलण्याविषयी. त्या वेळी तुम्ही बेशुद्ध नव्हता, जागे होता आणि बोलत होता. परंतु रक्तातील मद्याचे प्रमाण झपाट्याने वाढले की मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी साठवण्याचे काम थांबवतो. म्हणजे ते बोलणे तुम्ही विसरलेला नाही, ते मेंदूत नोंदलेच गेले नाही, आणि डोक्याला कितीही ताण दिला तरी ते परत येणार नाही. उपाशीपोटी आणि घाईने पिणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक घडते.

‘बिअरच तर आहे’ असे तुमच्या वयाची मुले मला नेहमी सांगतात, म्हणून हिशेब मांडते. आठ टक्के तीव्रतेच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, तर ३० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या लहान पेगात सुमारे १०. त्यामुळे तुमच्या दोन बाटल्या म्हणजे आठ लहान पेग आणि १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करू शकते, त्यामुळे रात्री संपवलेली बाटली सकाळच्या पहिल्या तासाला तुमच्या रक्तात शिल्लक असू शकते आणि त्याच अवस्थेत तुम्ही दुचाकीवरून कॉलेजला जात असाल.

आता सर्वांत महत्त्वाचे. एकदम थांबवावे की नाही, याचे उत्तर तुम्ही ज्या दोन-तीन दिवशी पीत नाही, त्या दिवशी शरीर काय करते यावर अवलंबून आहे. झोप न लागणे, चिडचिड होणे एवढेच असेल, तर बाह्यरुग्ण विभागात दाखवून आजच थांबवता येते. परंतु सकाळी हात थरथरत असतील, दरदरून घाम येत असेल, उलट्या होत असतील, किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर एकट्याने खोलीत बसून दारू तोडू नका. अशा व्यक्तीला शेवटच्या घोटानंतर साधारण दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भास होणे, वेळ-जागेचे भान सुटणे असे गंभीर प्रकार होऊ शकतात, ज्यात जीवालाही धोका असतो. रुग्णालयात यावर उपचार आहेत. काही दिवस मोजून कमी करत नेलेली औषधे आणि थायमिन हे जीवनसत्त्व दिले जाते. मित्राच्या झोपेच्या गोळ्या घेणे हा मात्र उपचार नव्हे. त्या दारूवर घेतल्या तर श्वास मंदावतो.

गोपनीयतेविषयी निर्धास्त राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मद्याच्या गैरवापराशी संबंधित विकारांचाही समावेश आहे आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तो कायदा रुग्णाला देतो. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे ही मर्यादा आहे हे खरे, पण डॉक्टर तुमचे वय पोलिसांना कळवण्यासाठी विचारत नाहीत. अठरा वर्षे पूर्ण झालेली असल्याने उपचारांना तुमची स्वतःची संमती पुरते. प्रत्यक्ष जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही प्रश्नावली प्रामाणिकपणे भरून सोबत न्या. आठ किंवा अधिक गुण म्हणजे धोक्याचे पिणे आणि वीस किंवा अधिक आल्यास अवलंबित्वाची शक्यता तपासावी लागते.

उत्तर : नदीकाठ

मी आज ३४ वर्षांचा आहे आणि बाविसाव्या वर्षी थांबलो. डॉक्टरांनी शरीराचे सांगितले आहे, मी संध्याकाळचे सांगतो.

‘येतोस का बसायला?’ या प्रश्नात दारूचे नावही नाही, हे तुमच्या लक्षात आले आहे का? आमच्या खोलीत वाढदिवस, भांडण, निकाल, कोणाचे प्रेम मोडणे, सगळे ‘बसण्यातच’ व्हायचे. त्यामुळे दारू सोडली तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की सात ते अकरा या वेळेत करण्यासारखे माझ्याकडे दुसरे काहीही उरलेले नाही आणि या चार तासांखेरीज मित्रांशी बोलण्याची जागाही नाही. पहिल्या प्रयत्नात मी त्यांच्यातच थंड पेय घेऊन बसायचे ठरवले. चखणा तोच, गाणी तीच, वास तोच. नऊ दिवस टिकलो आणि गटारीच्या रात्री कोणी आग्रह न करताही मीच ग्लास पुढे केला. म्हणून तुम्हाला विनंती आहे, की वर्गणी देऊ नका आणि त्या रात्री नऱ्ह्यात राहू नका. एका रात्रीपुरते गावी जाणे हा पळपुटेपणा नव्हे.

दुसऱ्या प्रयत्नात मी कॉट बेसिसवर वेगळी खोली घेतली, जिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी दोन मुले राहत होती. मेसला नऊऐवजी साडेसातला जाऊ लागलो, कारण पोट भरलेले असले की तलफ निम्म्याने कमी होते, हा माझा अनुभव आहे. तलफ येते तेव्हा ती रात्रभर राहील असे वाटते, पण घड्याळ लावून पाहिले तर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तो अर्धा तास मी चालत काढत असे आणि वाइन शॉप वाटेत येऊ नये म्हणून लांबचा रस्ता घेत असे.

मित्रांना काय सांगावे यात माझी एक चूक झाली. ‘डॉक्टरांची गोळी चालू आहे’ असे मी सांगितले आणि ते महिनाभर चालले, पण मग ‘कोर्स कधी संपतोय?’ असे विचारणे सुरू झाले. शेवटी ‘मी सोडली आहे’ असे तीन शब्द म्हणावेच लागले, आणि ते मी पहिल्याच दिवशी म्हटले असते तर बरे झाले असते. तिघांपैकी एकाशी मैत्री टिकली. दोघांशी टिकली नाही याचे दुःख मला आजही आहे.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना मी वर्षभर जात होतो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेच्या मराठी सभा पुण्यात भरतात. शुल्क नसते, आडनाव विचारत नाहीत आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. सुरुवातीला तेथे सगळे पन्नाशीचे दिसतात आणि ‘मी यांच्यातला नाही’ असे वाटते. मलाही वाटले होते, पण त्यांच्यापैकी अनेकांची सुरुवात हॉस्टेलवरच झालेली होती. घरी मात्र मी वर्षभर काही सांगितले नाही. आधी स्वतःचे पाय रोवावेत, मग सांगावे, असे माझे मत आहे.

उत्तर : ओवी

तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस. माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा असताना हे सगळे आमच्या घरात झाले. नदीकाठ यांचा अनुभव मोलाचा आहे, पण घरी न सांगण्याविषयी मी त्यांच्याशी सहमत नाही. तुझ्या बाबतीत तर आईला अर्धे कळलेले आहेच, आणि अर्धे कळलेली आई रात्री झोपत नसते. ‘बाबांना सांगितलेले नाही’ हे वाक्य म्हणजे तिने तुझ्यासाठी उघडे ठेवलेले दार आहे, असे मला वाटते.

न सांगण्याचा एक धोकाही असतो. आमच्या घरात कोणी मोकळेपणाने बोलले नाही. मग एका नातेवाइकाने आणलेली ‘दारू सोडवायची पावडर’ भावाच्या भाजीत कालवली गेली. ते डायसल्फिराम होते. हे औषध घेणाऱ्याच्या पोटात दारू गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि माणूस दगावूही शकतो. डॉक्टर ते रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून देतात. माझ्या भावाला त्या रात्री अतिदक्षता विभागात न्यावे लागले. तो वाचला, पण पुढे कित्येक महिने त्याने घरातले अन्न विश्वासाने खाल्ले नाही.

त्यानंतर तो स्वतःहून येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये दाखल झाला. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने १९८६ साली सुरू केलेले हे व्यसनमुक्ती केंद्र. तेथे घरच्यांशीही बोलतात, हे मला विशेष वाटले, कारण कसे वागावे हे आम्हालाही शिकावे लागले. प्रत्येकाला दाखल व्हावे लागतेच असे नाही, ते डॉक्टर ठरवतील. तू मात्र आईला फोन कर, आणि तो दिवसा कर.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : तिसरे_वर्ष

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्नावलीत माझे २१ गुण आले. न पिण्याच्या दिवशी हात थरथरत नाहीत, फिट कधी आलेली नाही, पण पहाटे घाम येऊन जाग येते. हे मी एरवी सांगितले नसते.

आज दुपारी कॉलेजच्या जिन्यात बसून आईला फोन केला आणि त्या रात्री मी काय बोललो ते विचारले. ती म्हणाली, की मी पूर्ण १४ मिनिटे ‘मला घ्यायला ये’ एवढेच म्हणत होतो. ती गुरुवारच्या एसटीने येत आहे. शुक्रवारी सकाळी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जायचे ठरवले आहे. आईला आत सोबत न्यावे का? आणि शुक्रवारपर्यंत मी काय करावे?

उत्तर : चाफा

पहाटेच्या घामाची गोष्ट सांगितलीत हे फार चांगले केले, ती डॉक्टरांनाही पहिल्या वाक्यात सांगा. २१ गुण आणि हा घाम एकत्र पाहता शुक्रवारची वाट पाहू नये, उद्याच ओपीडीत जावे आणि थांबण्याचा दिवस तेथे विचारून ठरवावा. तोवर एकटे राहू नका, वेळेवर जेवा, आणि थरथर, उलट्या किंवा भास सुरू झाल्यास रात्र असली तरी तातडीच्या विभागात जा. रोज किती घेता, शेवटची केव्हा घेतली आणि इतर कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. यकृताच्या तपासणीसाठी रक्त घेतील. तलफ कमी करणारी औषधेही आहेत, पण ती तपासणीनंतरच ठरतात.

उद्या तुम्ही एकट्याने बोला. शुक्रवारी पुन्हा बोलावतील तेव्हा आईला बरोबर न्या आणि तुमचे बोलून झाल्यावर त्यांना आत बोलावण्यास डॉक्टरांना सांगा. पहिले दोन-तीन आठवडे झोप नीट लागणार नाही, हे त्यांच्या समोरच डॉक्टरांकडून समजून घ्या, म्हणजे रात्री तुम्ही जागे दिसलात तरी त्या घाबरणार नाहीत.