आजोबांच्या पत्रातलं 'लाघव' म्हणजे नक्की काय? जाणकारांची मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. मी साताऱ्याची. परवा आईची ट्रंक आवरताना आजोबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, एक अंतर्देशीय पत्र सापडलं. आजोबा वाईला पाठशाळेत संस्कृत शिकलेले. आई तेव्हा शाळेत होती, स्पर्धेसाठी लिहिलेला निबंध तिनं त्यांना पाठवला होता. पत्रात खुशाली, पावसापाण्याची चौकशी आणि शेवटी निबंधाबद्दल एवढंच: 'लाघव राख. गौरव नको.'

आईनं याचा अर्थ घेतला, गोड वाग आणि मानसन्मानाच्या मागं लागू नकोस. जन्मभर ती तशीच वागली. शाळेतून निवृत्त झाली तेव्हा सत्कारही घेतला नाही.

मला मात्र आता वेगळीच शंका येतेय. लघुपासून लाघव, गुरूपासून गौरव. मुळात एक हलकेपणा, दुसरा जडपणा. संस्कृत शास्त्रांत कमीत कमी शब्दांत काम भागवणं म्हणजे लाघव, तो गुण. आणि गौरव म्हणजे पाल्हाळ, चक्क दोष! अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना, म्हणजे व्याकरणाच्या पंडितांना, मुलगा झाल्याएवढा आनंद होतो, हे वचन प्रसिद्धच आहे. संस्कृत व्याकरणकार पाणिनीची सुमारे ४००० सूत्रं, म्हणजे व्याकरणाचे नियम, याच काटकसरीनं बांधलेली. 'अच्' म्हटलं की सगळे स्वर आले. त्याच्या अष्टाध्यायी या ग्रंथाचं शेवटचं सूत्र तर नुसतं 'अ अ' आहे.

मग आजोबा 'निबंध आटोपशीर कर, फापटपसारा काढ' एवढंच सांगत होते का?

वाई, सातारा, सांगलीकडच्या जुन्या शास्त्री घरांत 'गौरव' हा शब्द पाल्हाळ या अर्थानं रोजच्या बोलण्यात किंवा पत्रांत यायचा का? कुणी घरी ऐकला असेल तर जरूर सांगा, माझं सगळं त्यावरच अडलंय. आणि आणखी एक. हस्तलाघव समजतं, हलका हात म्हणजे चपळ हात. पण लाघवी माणूस आर्जवी, मन जिंकून घेणारा कसा झाला? जुन्या मराठीत लाघव कौशल्य, लीला अशा अर्थानंही येतं, तिथून हे वळण आलं असेल का?

पत्र वाचून दाखवलं तेव्हा आई त्या दोन वाक्यांपाशी मला थांबवून रडली. आता ती ऐंशीच्या पुढं आहे. तिला हे सांगायचं की नाही ते नंतर बघेन, आधी मला अर्थाची खात्री हवी आहे.