आजोबांच्या तबकड्या आणि पहिला टर्नटेबल

आजोबांच्या नाट्यगीतांच्या तबकड्या ऐकायला वीस हजारांत टर्नटेबल (तबकडी वाजवायचं यंत्र) आणि स्पीकर दोन्ही बसवायचे म्हणताय, तर इथे कुणी दिलेला सूटकेसवाल्या, म्हणजे सगळं एकाच पेटीत असलेल्या, प्लेअरचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. दिसायला गोंडस असतो, पण बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग, स्वस्तातला प्रकार) असते आणि सुईचा दाब चांगल्या कार्ट्रिजच्या दोन-अडीचपट, म्हणजे तबकडी झिजते. त्यात ते इवलेसे स्पीकर त्याच पेटीत थरथरतात. मी अशा एकावर वर्षभर एलपी (व्हायनलच्या, ३३ च्या वेगाच्या तबकड्या) ऐकल्या, अजून हळहळतो.

पण त्याआधी आजोबांच्या तबकड्या नीट बघा. जड, लाखेच्या, पडली की फुटणाऱ्या असतील तर त्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एलपी६०एक्स हा टर्नटेबल नवशिक्यांना सगळेच सुचवतात, मीही सुचवेन, पण तो फक्त ३३ आणि ४५ वर फिरतो. शिवाय ७८ च्या खाचा रुंद, त्यांना साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई १८ च्या आसपास, ती खाचेच्या तळाशी घासत नुसती खरखर काढते. अशा तबकड्यांवरची नाट्यगीतं ऐकायचीच असतील तर ७८ चा वेग असलेला टर्नटेबल आणि वेगळी सुई, म्हणजे बजेट वाढणार.

सगळ्या एलपीच असतील तर प्रश्न मिटला. एलपी६०एक्समध्ये फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) आतच आहे, टर्नटेबल थेट पॉवर्ड (आत अँप्लिफायर असलेल्या) स्पीकरला जोडा, वेगळा अँप्लिफायर नको. फक्त स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका, घुमतं. घरात जुना म्युझिक सिस्टिम पडलाय का? त्याला ऑक्स इनपुट (बाहेरचं यंत्र जोडायचं भोक) असेल तर स्पीकरचे पैसे वाचले.