दारात उभं राहून फोटो काढणारे : अनुभव लिहा (स्वतःचे प्रतापही चालतील)

गेल्या महिन्यात पणजीला मावशीकडे होते. मावशीचं घर फोंताइन्हासात, म्हणजे पिवळ्या-निळ्या भिंतींच्या ज्या गल्ल्या तुम्ही सगळ्यांनी इन्स्टावर बघितल्यात, त्यांतल्याच एकीत. सकाळी सव्वासातला तिने दार उघडलं तर पायरीवर नवरी बसलेली. लग्न झालेली नव्हे, होऊ घातलेली, प्री-वेडिंगवाली. लेहंगा तिन्ही पायऱ्यांवर पसरलेला आणि समोर एक पोरगा रिफ्लेक्टर धरून उभा. मावशीच्या हातात ओल्या कचऱ्याची बादली. फोटोग्राफर म्हणाला, "आंटी, दो मिनिट अंदर जाओगे? फ्रेम में आ रहे हो."

स्वतःच्याच दारात मावशी फ्रेममध्ये येत होती!

एक्केचाळीस वर्षं ती तिथे राहतेय. पावसाळा सरला की भिंतीला रंग काढायचा, स्वतःच्या खर्चाने. त्या रंगासाठी लोक येतात आणि तिलाच आत जा म्हणतात. शेजारच्यांनी "हे खासगी घर आहे, फोटो काढू नयेत" अशी पाटी लावली, तर लोक पाटीला टेकून फोटो काढतात.

तर जुन्या गावांत, जुन्या शहरांत राहणाऱ्यांनी लिहा. हिंडून आलेल्यांनीही लिहा. अट एकच, आपण स्वतः काय दिवे लावले तेही सांगायचं. नाहीतर "हल्लीचे लोक ना" यापुढे गाडी जाणार नाही.

क्योतोची भाडेकरू

संशोधनाच्या निमित्ताने क्योतोत चौथं वर्ष. इथे आरडाओरडा, कचरा त्या मानाने कमी. त्रास होतो तो बसमध्ये. शहराच्या जुन्या भागात भुयारी रेल्वे फारशी नाही, सगळी मदार बसवर. किओमिझू देवळाकडे जाणाऱ्या बसमध्ये चार मोठ्या बॅगा चढल्या की काठी घेऊन उभ्या असलेल्या आजीबाई थांब्यावरच राहतात. आमच्या घरमालकीणबाई दवाखान्याची वेळ साडेदहाची असली तरी सातलाच निघतात. दिवसभराचा बसपास होता, गर्दी पांगावी म्हणून तो शहराने २०२३ मध्ये विकायचा बंद केला. घरमालकीणबाई अजूनही सातलाच निघतात.

आता माझा प्रताप. आईबाबा नाशिकहून आले तेव्हा त्यांना गिओनला नेलं. तिथे संध्याकाळी गेइको, म्हणजे क्योतोतल्या गेइशा, आणि माइको, म्हणजे अजून शिकत असलेल्या मुली, कामावर जायला निघतात. खासगी गल्ल्यांत फोटो काढू नका, दहा हजार येन दंड, अशा पाट्या २०१९ पासून आहेत. तरी लोक किमोनोच्या बाह्या ओढायचे, म्हणून २०२४ मध्ये काही गल्ल्यांत पर्यटकांना शिरायचीच बंदी केली. आम्ही मोठ्या रस्त्यावर होतो, तिथे बंदी नाही. एक माइको समोरून आली. बाबा "थांबा थांबा" म्हणत थेट तिच्या पुढ्यात. मी त्यांना आवरायला हवं होतं, पण फोटो सुंदर येणार हे मलाही दिसत होतं. ती मुलगी थांबली नाही की वळली नाही, नुसती नजर खाली घातली आणि बाबांना वळसा घालून गेली. नंतर मी म्हटलं, "बाबा, ती कामावर चालली होती." तर म्हणे, "मग मी कुठे तिला अडवलं?"

फोटो आमच्या फॅमिली ग्रुपचा डीपी आहे. त्यात बाबांची सावली तिच्या किमोनोवर पडलीय.

डोंबिवलीच्या काकू

मी लिहू की नको करत होते, पण अट वाचली आणि म्हटलं सांगून टाकू.

२०२३ ची युरोप टूर. बेचाळीस माणसं, वय वर्षं पन्नासच्या पुढची. व्हेनिसला मिळाले अडीच तास. बोटीतून उतरलो ते पुढच्या बाईच्या छत्रीकडे बघत सान मार्को चौकात. पाय दुखायला लागले म्हणून आम्ही आठ-दहा जणी कमानींखालच्या पायऱ्यांवर बसलो आणि डबे उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कुणाकडे लिंबाचं लोणचं. जाकीट घातलेला एक माणूस आला आणि हातानेच उठा उठा म्हणाला. तिथे बसून खायला बंदी आहे, दंडही होतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्यातली एक त्याला दशमी देऊ लागली! तो बिचारा हसला, पण उठवलंन् आम्हाला. मागे वळून पाहिलं तर पायरीवर लोणच्याचं तेल सांडलेलं. मी रुमालाने पुसलं. पूर्ण निघालं नाही.

दुसरी गोष्ट मनातून जात नाही. रिआल्टो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत लाल आकड्यांची पाटी दिसली. मला वाटलं, युरोचा भाव असेल. गाइड म्हणाला, हा जुन्या शहरात राहणाऱ्या माणसांचा आकडा. एकोणपन्नास हजारांच्या घरातला होता. १९५० च्या सुमाराला म्हणे पावणेदोन लाख माणसं होती. मग मी हिशोब केला की आम्ही बेचाळीस जणांनी त्या गावाला दिलं काय? दोन मुखवटे, थोडे फ्रिजचे मॅग्नेट आणि मुताऱ्यांचे प्रत्येकी दीड युरो. राहायला हॉटेल बाहेर, जेवण आमच्याच महाराजांचं.

आम्स्टरकर

काकू, तुमचं लोणचं काहीच नाही हो. आमच्या जुन्या घराच्या पायरीवर काय काय सापडायचं ते जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही.

अॅमस्टरडॅमला नऊ वर्षं झाली, त्यातली पहिली तीन अगदी मध्यवस्तीत, कालव्याकाठी. शुक्रवारी संध्याकाळी ब्रिटनहून विमानं भरून पोरं येतात. लग्नाआधीची शेवटची मजा म्हणून नवरदेवाला कोंबडीचा पोशाख घालून फिरवतात. आपला शिमगा निदान वर्षातून एकदा येतो. पेडल मारत बिअर पिण्याची एक गाडी होती, दहा-पंधरा जण बसून रस्ता अडवत बोंबलत जायचे. ती २०१७ मध्ये मध्यवस्तीतून हद्दपार झाली. २०२३ मध्ये तर शहराने उघड जाहिरातच केली. १८ ते ३५ वयाच्या ब्रिटिश पुरुषांनी असल्या पार्टीची चौकशी इंटरनेटवर केली की समोर व्हिडिओ येणार: दंड, कोठडी, इस्पितळ, येऊ नका. आता हॉटेलच्या बिलावर साडेबारा टक्के कर आहे आणि जुनं हॉटेल बंद झाल्याशिवाय नव्याला परवानगी नाही.

पण आम्ही घर सोडलं ते ओकाऱ्यांमुळे नव्हे. कोपऱ्यावर खिळे, स्क्रू, बल्ब मिळायचं एक दुकान होतं, तिथे वॉफल आलं. बेकरी गेली, तिथेही वॉफल. फक्त पर्यटकांसाठीच्या नव्या दुकानांना शहराने २०१७ मध्ये मनाई केली खरी, तोवर आमच्या गल्लीत नळाचा वॉशर मिळायचा बंद झाला होता. वॉशर आणायला वीस मिनिटं सायकल मारताना बायकोला म्हटलं, आपण शेजारच्या आम्स्टलवेनला जाऊ. तिथे वॉशरही मिळतो आणि कोथिंबीरही.

माझा प्रताप: पहिल्या महिन्यात सायकलींच्या रस्त्याच्या मधोमध उभं राहून घरच्यांना व्हिडिओ कॉल. डच शिव्या मी तिथेच शिकलो.

पाथरवट

नावं कोरणाऱ्यांचा विषय अजून आला नाही? २०२३ मध्ये रोमच्या कोलोसियमच्या भिंतीवर एकाने किल्लीने स्वतःचं आणि मैत्रिणीचं नाव कोरलं, जगभर शोभा झाली. आपल्या अजिंठ्यात १० नंबरच्या लेण्यात इंग्रज कॅप्टन जॉन स्मिथने २८ एप्रिल १८१९ ला चित्रावरच नाव कोरून ठेवलंय. तेव्हा लेणं दगडमातीने भरलेलं होतं, त्यावर उभा राहून कोरलं म्हणून ते आज इतकं उंचावर दिसतं. "बंटी लव्ह पिंकी"चा मूळ पुरुष हाच. माझा प्रताप विचारू नका, सातवीची सहल होती आणि किल्ला सिंहगड.

भिजलेला

बार्सिलोना. दोन किस्से, थोडक्यात.

एक: पार्क ग्वेल या प्रसिद्ध बागेजवळच्या वस्तीतून ११६ नंबरची छोटी बस जाते. पर्यटक इतके भरायचे की तिथल्या म्हाताऱ्यांना चढता येईना. लोक वर्षानुवर्षं ओरडत होते. शेवटी २०२४ मध्ये ती बस गुगल मॅप्सवरूनच काढायला लावली. बस धावतेच, नकाशात दिसत नाही. म्हातारे आता बसून जातात.

दोन: जुलै २०२४ चा पर्यटकांच्या गर्दीविरुद्धचा मोर्चा. पुण्याहून बहीण आली होती, आम्ही बाहेरच्या टेबलावर कॉफी पीत होतो. मोर्चातल्या एका पोराने पाण्याची पिचकारी माझ्यावर मारली. मी कातालानमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, ओरडलो, "अरे, मी इथेच राहतो, भाडं भरतो!" पोरगा ओशाळला, सॉरी म्हणाला आणि बहिणीवर मारली.

राग आला नाही. त्याच वसंतात माझ्या घरमालकाने करार वाढवून दिला नव्हता, खोली पर्यटकांना द्यायची म्हणून. पर्यटकांच्या अशा दहा हजार घरांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवू, असं महापौरांनी जाहीर केलंय. तोवर मी पाऊण तास लांब.

तीन खोल्यांवाला

धागाकर्त्या बाई, तुमच्या मावशींच्या मागच्याच आळीत माझ्या तीन खोल्या आहेत, होमस्टे. जरा आमचीही बाजू ऐका. जुनं घर, वरची कौलं, सागवानी तुळया. दर पावसाळ्यात कुठेतरी गळतं. पगारात ते घर उभं राहिलं नसतं. सगळे पर्यटक वाईट नसतात, माझ्याकडे येणारे बहुतेक पुस्तक वाचत बसणारेच.

वरची खोली आधी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, शिकणाऱ्या दोन पोरांना दिलेली असायची. चतुर्थीला आरतीला खाली यायची, एक तबला बरा वाजवायचा. आता त्या खोलीत शुक्रवार ते रविवार माणसं, सोमवार ते गुरुवार कुलूप. बार्सिलोनावाल्यांचं वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं, अरे, तो घरमालक म्हणजे मीच की.

आणि एक कबुली. माझ्या जाहिरातीतल्या फोटोत एक निळी भिंत आणि पांढरी खिडकी आहे. ती माझी नाही.

पणजीकर भाची

मावशीला सगळं वाचून दाखवलं. काकूंची दशमी तिला फार आवडली, दोनदा वाचायला लावली. रोज रात्री ती आता कचऱ्याची बादली पायरीवरच ठेवते आणि सकाळी साडेआठलाच उचलते. परवा एक जोडपं बादली बाजूला सरकवून बसलं. फोटो झाल्यावर बादली परत जागेवर ठेवून गेलं, एवढं खरं.

तीन खोल्यांवाले, निळी भिंत कुणाची ते मावशीने बरोबर ओळखलं. चतुर्थीला तुमच्याकडे येते म्हणाली, तेव्हा बोलेल.