अनुभव धागा : साथीच्या दिवसांतलं लसीकरण, सोलापूर शहर आणि जिल्हा

धागाकर्ता

16 जानेवारी 2021 ला कोरोनाची लस सुरू झाली आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. पण त्याआधीच, 2020 च्या टाळेबंदीत, बाळांच्या नेहमीच्या लसी मागे पडल्या होत्या. 2022 च्या शेवटी गोवंडी, मालेगाव, भिवंडीत गोवर उसळला तेव्हा राहून गेलेल्या डोसांची आठवण झाली. सोलापुरात हे काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. ‘जनजागृती व्हायला हवी’ एवढंच म्हणायचं असेल तर राहू द्या. वेळ, माप, क्रम आणि गाडी कुठे अडते, ते लिहा.

आरोग्यसेविका, पूर्व भाग

सगळं ड्यू लिस्टवर, म्हणजे कुठल्या बाळाचा कुठला डोस बाकी आहे त्या यादीवर, उभं आहे. साथीत लिस्ट बिघडते, कारण माणसं हलतात. आमच्या भागातल्या सुना पहिल्या बाळंतपणाला तेलंगणात माहेरी जातात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या कर्नाटकात. टाळेबंदी उठल्यावर बाळ चार-पाच महिन्यांचं होऊन येतं आणि आपल्या रजिस्टरात त्याचं नावच नसतं. म्हणून जुनी यादी पुढे ढकलू नका, घरोघर नवीन हेडकाउंट करा. ‘लस झाली का?’ असं विचारू नका, सगळे ‘झाली’च म्हणतात. ‘कार्ड दाखवा’ म्हणा. कार्ड कन्नड किंवा तेलुगूत असलं तरी अडत नाही. नेहमीच्या लसींचं वेळापत्रक तिकडेही हेच, तारखा जुळवून कळतं. कार्डाची आपल्याकडची अर्धी पावती टिकलर बॅगेत, म्हणजे महिन्यांच्या कप्प्यांच्या पिशवीत, पुढच्या डोसाच्या महिन्याच्या कप्प्यात टाका. महिना संपला आणि कप्प्यात पावती उरली, की ते घर गाठायचं.

वेळेचं म्हणाल तर, विडी वळणारी बाई कारखान्यात माल द्यायला आणि पान-तंबाखू आणायला गेली, की त्या वेळी लसीकरणाचं सेशन रिकामं. ही वेळ कारखान्यागणिक बदलते. आधी गल्लीत विचारा, मग सेशन लावा. साथीत एका वेळी पाचपेक्षा जास्त माणसं नकोत, असा नियम होता. त्यासाठी चिठ्ठीवर तास लिहून द्यायचा: ‘अकरा ते बारा, बालवाडी.’ नुसतं ‘सकाळी या’ म्हटलं की सगळ्या दहालाच येतात. पत्रे लावून बंद केलेल्या गल्लीत सेशन घेता येत नव्हतं. निर्बंध उठल्यावर किमान 14 दिवस थांबायचं होतं. दवाखान्यात जन्मणाऱ्या बाळाचे बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा शून्य (जन्मवेळचा) डोस आणि 24 तासांतली हिपॅटायटिस बी मात्र एक दिवसही थांबवायची नव्हती.

आशा कार्यकर्ती, विडी घरकुल

त्या दिवसांत लोकांना सुईची नव्हे, स्वॅबची भीती होती. लसीच्या नावाखाली तपासणी करून उचलून नेतील, असं बोललं जायचं. उपाय सोपा. तपासणीची टीम आणि लसीची टीम एका दिवशी एका गल्लीत न्यायची नाही, आणि अँब्युलन्स तर अजिबात नाही.

भोंग्यावरून ‘लस घ्या, सुरक्षित राहा’ सांगून कोणी उठत नाही. आदल्या संध्याकाळी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठीत जागा आणि वेळ सांगायची, बस्स. मंदिरातून, मशिदीतून ओळखीचा आवाज आला तर अजून बरं.

दीड महिन्याच्या बाळाला तीन सुया असतात. फ्रॅक्शनल आयपीव्ही (पोलिओची सुई, थोड्या मापात) उजव्या दंडाला, पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) उजव्या मांडीला, पेंटा (पाच रोगांची एकत्र लस) डाव्या मांडीला. ताटात तीन सिरिंजा दिसल्या की आई बाळ उचलून चालू लागते. आधीच सांगून ठेवा. तोंडाच्या लसी, म्हणजे पोलिओ आणि रोटा (जुलाबाची), पहिल्यांदा. पेंटा शेवटी, ती जास्त झोंबते. ‘दुखणार नाही’ म्हणू नका. संध्याकाळी ताप आला की त्या शब्दापायी पुढचा डोस जातो.

शीतसाखळी सांभाळणारा, प्राथमिक आरोग्य केंद्र

सोलापूरचा मे महिना म्हटल्यावर सगळे उन्हाने लस खराब होईल म्हणून घाबरतात. माझ्या मते जास्त नुकसान गोठून होतं, आणि ते घाईत होतं. डीप फ्रीजरमधला आइसपॅक तसाच कॅरिअरमध्ये (लस नेायच्या थंड पेटीत) कोंबला की त्याला चिकटलेली पेंटाची कुपी गोठते. गोठलेली पेंटा, पीसीव्ही, आयपीव्ही, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प) बाद. आइसपॅक बाहेर टेबलावर ठेवा. वरचं पांढरं दव वितळून थेंब सुटले आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं, की तयार. असे चार पॅक चार बाजूंना, मधे झिपच्या पिशवीत कुप्या. उन्हाळ्यात याला वेळ कमी लागतो, पण लागतोच. म्हणून लस नेणारा माणूस यायच्या आधी पॅक काढून ठेवावेत.

कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णता लागली की रंग बदलणारी खूण, बघायचा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर चालेल. सारखा किंवा गडद झाला तर बाजूला. पेंटा, पीसीव्ही, आयपीव्ही, पोलिओ, डीपीटी, टीडी यांची उघडलेली कुपी व्हीव्हीएम ठीक असेल तर 28 दिवस चालते, पण उघडल्याची तारीख लिहिलेली हवी. बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेला) यांच्या पावडरीत द्रावण एकदा मिसळलं की चार तास. कुपीवर वेळ लिहा. द्रावण त्याच कंपनीचं आणि आदल्या दिवसापासून थंडीत ठेवलेलं हवं.

एडी सिरिंजमध्ये (एकदाच वापरता येणारी) आधी हवा ओढायची सवय सोडा. दट्ट्या एकदाच मागे येतो, हवेतच डोस संपतो.

खासगी बालरोगतज्ज्ञ, जुळे सोलापूर

तापाच्या औषधातला गोंधळ फार दिसतो. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, एका वेळी किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला 50 ते 75. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे अर्धा ते पाऊण मिली. पातळ औषधात पाच मिलीत 125 असेल तर दोन ते तीन मिली. शेजारणीने ‘दोन मिली दे’ सांगितलं आणि घरात थेंबांची बाटली असली, तर 200 मिलिग्रॅम पोटात जातं. बाटलीवरचा आकडा वाचून कार्डावर मिलीत लिहून द्या. सुईची जागा चोळू नका, शेकू नका. बीसीजीचा फोड दोन-चार आठवड्यांनी येतो, फुटतो, वाळतो. त्यावर काही लावायचं नाही.

राहिलेले डोस पहिल्यापासून सुरू करत नाहीत, थांबले तिथून पुढे, चार आठवड्यांच्या अंतराने. मूल वर्षाचं झालं आणि पेंटाचा एकही डोस नसेल, तर सरकारी केंद्रात डीपीटीचे तीन डोस. एमआर पाच वर्षांपर्यंत मिळते.

गटप्रवर्तक, माढा

ऊसतोड टोळ्यांचं वेगळं. गावाकडची यादी उपयोगाची नाही आणि कार्डं पेटीत गावी राहिलेली. साखर कारखान्याच्या चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला) विचारा, कुठली टोळी कुठल्या फडात आहे हे त्याला पाठ असतं. मुकादमाचा नंबर घ्या. दुपारी कोपीवर (टोळीच्या झोपडीवर) गेलात तर म्हातारी आणि पोरंच सापडतात, आई नसेल तर डोस होत नाही. टोळी फडातून परतायच्या वेळेला जा. कार्ड नसेल तर नवीन कार्ड करून द्याच, आणि मुकादमाच्या वहीतही तारीख लिहा. टोळी हलली की वही बरोबर जाते.

नोंदणीला बसणारा स्वयंसेवक, अक्कलकोट रोड

मोठ्यांच्या कोरोना लसीत अडलं ते फोनवर. घरात एकच मोबाइल आणि तो यंत्रमागावर नवऱ्याच्या खिशात. कोविनवर (नोंदणीचं सरकारी पोर्टल) एका नंबरवर चारच जण बसायचे. जानेवारी 2022 मध्ये ते सहा झाले. ओटीपी येणार कुठे? त्यामुळे नोंदणी शिफ्ट सुटताना, मागाच्या शेडच्या दारात. नाव आधारवर आहे तसंच टाकायचं, तेलुगू आडनावाचं स्पेलिंग ऐकून लिहिलं की दुसऱ्या डोसाला प्रमाणपत्र जुळायचं नाही. दहा माणसं जमेपर्यंत कोव्हिशिल्डची दहा डोसांची कुपी अडवून धरली की आलेले सहा जण कंटाळून निघून जायचे. म्हणून चाळ ठरवून यादी आधीच करायची.

वाचक

नऊ महिने व्हायच्या आत गोवराची लस देतात का?

आरोग्यसेविका, पूर्व भाग

एरवी नाही. उद्रेक असलेल्या भागात वरून आदेश आला तर सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस देतात. त्याला शून्य डोस म्हणतात, तो हिशेबात धरायचा नाही. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि 16 ते 24 महिन्यांत दुसरा घ्यायचाच. कार्डावर शून्य डोस पहिल्याच्या चौकटीत लिहू नका. नाहीतर पुढची सिस्टर ‘एक झालाय’ समजून बाळाला परत पाठवते.